तहहयात

शेवटच्या दिवशीही बाबांनी स्वयंपाकघराच्या उघड्या दारावर टकटक केली. "मालकीणबाई, येऊ का आत?"

"पुरे झाली थट्टा, बाबा."

घर माझ्या नावावर झाल्यापासून त्यांचं हेच चाललं होतं. बक्षीसपत्र करताना वकिलांनी विचारलं होतं, "वडिलांचा तहहयात राहण्याचा हक्क लिहायचा ना?"

"आपल्या माणसांत कशाला ते?" असं मीच म्हणाले. बाबा नुसते हसले. पण त्या दिवशी घरी आल्यावर खिशात किल्ली असूनही त्यांनी बेल वाजवली.

ते झोपेतच गेले. टकटक मात्र थांबली नाही. कधी स्वयंपाकघराच्या दारावर, कधी माझ्या खोलीच्या. दाराशी कोणी नसायचं. मी उत्तर देत नसे.

आज दुपारी ऑफिसातून लवकर आले. किल्ली फिरली, पण दार हलेना. आतून कडी होती. या घरात आता माझ्याशिवाय कोणी राहत नाही.

नकळत मीच दारावर टकटक केली. आत सपाता फरफटत आल्या आणि दाराशी थांबल्या.

मी दाराला कपाळ टेकवलं.

"बाबा, घर तुमचंच आहे," मी म्हणाले. "मला राहू द्याल?"