मडक्याखालचं पीठ

मडकं उचलण्याआधीच शोमारीने यांत्रिक करवत घरघरवून पाहिली. म्पिंगोच्या झाडाच्या बुंध्याशी जमलेलं गाव दचकलं. असुमिनी आजी तेवढी जागची हलली नाही.

गावाच्या हद्दीत आता एवढा एकच जुना म्पिंगो उरला होता. बाहेरून खरबरीत, काटेरी. आत काळाकुट्ट गाभा. आजीची आई त्याच्याच मुळाशी पुरलेली. शहरातून आलेल्या शोमारीला तो गाभा हवा होता, आणि बदल्यात तो गावाला पाण्याचा पंप देणार होता. पलीकडच्या गावालाही त्याने पंपच कबूल केला होता. तिथली झाडं केव्हाच गेली, पंप अजून वाटेत आहे. तरी मुखिया मकवांडाच्या तोंडाला पाणी सुटलंच.

पण पूर्वजांना विचारल्याशिवाय या झाडाला हात लावायचा नाही, हे मुखियालाही चुकलं नव्हतं. विचारायचा मान घराण्यातल्या थोरल्या बाईचा. काल संध्याकाळी आजीने बुंध्याशी ज्वारीच्या पिठाचा निमुळता ढीग रचला, वाकून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि उठली. सकाळी ढीग शाबूत असेल तर पूर्वजांचा होकार, ढासळला तर नकार. शोमारी तेव्हा फोनवर लाकडाचा भाव ठरवत होता. पण गडी पक्का. वारा नको, मुंगी नको, कुणाची कोंबडी नको, म्हणून त्याने ढिगावर मडकं पालथं घातलं आणि आपली माणसं पहाऱ्याला बसवली. आजीने ते खुशाल घालू दिलं.

मुखियाने मडकं उचललं. ढीग जसाच्या तसा होता. टोकसुद्धा ढळलं नव्हतं.

"बघ म्हातारे, तुझ्या पूर्वजांनाही पंप हवाय!" शोमारी खदखदून हसला. "चल, सरक बाजूला."

आजीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मकवांडा, नीट बघ रे बाबा. होकारच आहे ना?"

"होकारच आहे, आजी. सगळ्या गावाने पाहिलाय. आता तो कुणाला मोडता यायचा नाही."

"तुलाही नाही?"

"मलाही नाही."

आजीने पदराला हात पुसले आणि बुंध्याला पाठ टेकून ती उभी राहिली.

"मग ऐका. मी विचारलं होतं, 'ह्या शोमारीला गावातून हाकलून लावू का?'"