कीव येणाऱ्यांनी आत जावं

अंगणात सुरीला धार लावून झाल्यावर गावरिलकाकांनी दरवर्षीसारखं बजावलं, "ज्याला कीव येते त्यानं आत जावं." नाताळाआधी डुक्कर कापताना शेजारी कोणी हळहळलं, तर त्या जिवाचे हाल होतात, तो लवकर सुटत नाही. त्या डोंगरातल्या खाणगावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

दरवर्षी इलिंकाच आत पळायची आणि तिचा नवरा तोआदर तिची टर उडवायचा. यंदा तोआदर नव्हता. पानगळीच्या दिवसांत खाणीत स्फोट झाला, तोआदरसकट बरीच माणसं खाली अडकली. हवेच्या नळातून त्यांच्या हाका वर येत होत्या आणि बायकांना कोणी पुढे जाऊ देत नव्हतं. मग हाका थांबल्या. तेव्हापासून गावात कोणी कोणाला मोठ्यानं हाक मारत नाही. दार आपटलं तरी धडधाकट माणसं पांढरीफटक पडतात.

पण डुक्कर कापणं भाग होतं. नाहीतर हिवाळाभर पोरांच्या ताटात काय वाढणार होती ती, कपाळ? गावरिलकाकांबरोबर डुक्कर धरायला चार शेजारी आले होते. त्यांना मुकाट्यानं कामाला लावून इलिंका स्वयंपाकघरात गेली. पहिलं मांस तिथल्या तिथे परतून सगळ्यांना वाढायची रीत, म्हणून कढई चढवली. मग भिंतीकडे तोंड करून दोन्ही कानांवर उशी दाबली.

बराच वेळ झाला. उशीतूनही ऐकू यावी अशी ती किंकाळी काही येईना. ओरडू नको रे, म्हणून मनातल्या मनात डुकराला विनवणारी इलिंका आता हा ओरडत का नाही म्हणून कासावीस झाली. शेवटी उशी टाकून ती वळली.

चारही शेजारी भिंतीला टेकून उभे होते, टोप्या हातात. गावरिलकाका बाकावर बसले होते. टेबलावर सुरी, लख्ख कोरडी.

"काका, मग बाहेर कोण आहे?"

"डुक्कर," काका म्हणाले.

तिला संताप आला. "आणि पोरांना काय घालू?"

काकांनी मान वर केली नाही. "जन्मात पहिल्यांदा मला आत यावं लागलं, पोरी."

तेवढ्यात डुक्कर भुकेनं केकाटलं. सगळे दचकले. एकानं कान झाकले.

इलिंकानं सालपटांची बादली उचलली, दार ढकललं आणि अनवाणीच बर्फातून धावत सुटली.

"आले रे, आले," ती मोठ्यानं ओरडत होती.