चोरून घेतलेला श्वास

परवानगीच्या कागदावर गायकाची सही हवी होती आणि गायक समोरच मटार सोलत बसला होता.

मुलगी दोनदा कागद घेऊन वडिलांजवळ गेली आणि दोनदा नुसतं पाणी पिऊन परत आली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचं काम म्हणून तिला एका गाण्याचा व्हिडिओ करायचा होता, सोबत अल्बमचं कव्हर. आराखडा उद्या दाखवायचा होता. जेवणाच्या टेबलावर तिने सगळा पसारा मांडला होता. चौकटी-चौकटींत काढलेली दृश्यं, लोकांकडून भरून घेतलेली प्रश्नावली, पुठ्ठ्याचं तीन घड्यांचं कोरं कव्हर. गाणं कोणाचं, एवढंच तिने घरात सांगितलं नव्हतं.

वडिलांचं स्वरयंत्र काढून दीड वर्ष झालं होतं. ते आता गळ्याच्या खळीतल्या छोट्या भोकातून श्वास घेत, त्यावर पांढरा रुमाल बांधत आणि बोलायचं ते पाटीवर लिहीत. "आवाज बसला नाही, उठूनच गेला," असं ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला लिहून दाखवत. लोक हसत आणि मग कुठे बघावं ते त्यांना कळत नसे.

"बाबा, ती कपाटातली कॅसेट," ती एका दमात म्हणाली, "तुमच्या गाण्यांची. मी घेतली. न विचारता."

हातातला दाणा त्यांनी भांड्यात टाकला. हात पुसले. पाटी ओढली. "कधी?"

"तुम्ही तपासणीला गेला होतात तेव्हा. महिना झाला."

ते उठले. आता आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेणार, असं तिला वाटलं. घरात कोणी गाणं लावलं की ते तेच करत. पण ते टेबलाशी आले आणि वाकून एकेक चौकट पाहू लागले. एक उंच मुलगा गच्चीत उभा. तोच मुलगा जिना उतरताना. त्याचं तोंड, अगदी जवळून.

"हा आमच्या वर्गातला लंबू. तो फक्त ओठ हलवणार, आवाज तुमचा." ती घाईघाईने बोलत राहिली. "मी वीस जणांना विचारलं बाबा. कव्हरवर कोण हवं, तर सतरा जण म्हणाले, तरुण चेहरा."

त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

तिने आधी केलेलं कच्चं चित्रण लावलं. आवाज आला. तिच्या जन्माच्याही आधीचा, मोकळा, थोडा उतावळा. लंबू बिचारा जीव तोडून ओठ हलवत होता, तरी काही केल्या ते गाणं त्याचं होत नव्हतं. सरही म्हणाले होते, "कुठेतरी गोम आहे, शोध." आठवडा झाला, तिला ती सापडली नव्हती.

वडिलांनी मधेच हात वर करून थांबवलं आणि लिहिलं, "हा श्वास कुठे घेतो?"

"म्हणजे?"

"दुसऱ्या ओळीत माझा दम संपला होता. चोरून घेतला. ऐक."

तिने ओळ पुन्हा लावली. होता. शब्दाच्या पोटात, केसाएवढा. शंभरदा ऐकूनही तिच्या कानाला लागला नव्हता.

त्यांनी पाटी पुसली. "पहिल्यापासून लाव. त्याला झाक."

तिने पडद्यापुढे पुठ्ठ्याचं कोरं कव्हर उभं केलं. खुर्चीच्या पाठीला धरून ते ताठ उभे राहिले, डोळे मिटले. गाणं सुरू झालं आणि त्यांचं तोंड उघडलं. एक अक्षर मागे नाही, एक पुढे नाही. जबडा, जीभ, भुवया, सगळं त्या आवाजाच्या आतून हलत होतं. दुसऱ्या ओळीत स्पीकरमधून तो चोरटा श्वास आला आणि त्याच क्षणी गळ्यावरचा रुमाल आत ओढला गेला.

तिचा हात मोबाइलकडे गेला. पण तिला तो उचलवेना.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. आई कामावरून आली होती. खाली गाणं ऐकून जिना धावत चढल्याने तिला धाप लागली होती, पायांत चपला तशाच.

"अहो..." ती म्हणाली आणि थबकली. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिला टेबलावरचा स्पीकर दिसला. तिचा चेहरा क्षणात उतरला.

मुलगी गाणं बंद करायला धावली.

"असू दे." आईने तिचं मनगट धरलं. "होऊ दे त्यांचं गाऊन."

मग दोघी तशाच उभ्या राहिल्या. शेवटचा सूर लांबत गेला, तुटला, आणि तेव्हाच त्यांचे ओठ मिटले. डोळे उघडल्यावर त्यांना बायको दिसली. ते ओशाळले, चोरी पकडल्यासारखे.

मग त्यांनी परवानगीचा कागद ओढला, सगळा वाचला आणि सही केली. खाली आणखी एक रकाना होता, 'व्हिडिओत दिसणारी व्यक्ती'. तिथे मुलीने लंबूचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. तिने पेन घेतलं आणि त्या नावावर आडवी रेघ मारली.

"बाबा," ती म्हणाली, "कॅमेऱ्यासमोर कराल?"

ते चौकटींमधल्या त्या तरुण तोंडाकडे पाहत राहिले. मग गालावरून हात फिरवला, हनुवटीपर्यंत, आणि पाटीवर सावकाश लिहिलं,

"आज नको. उद्या, दाढी करून."