आंदणाच्या वाट्या

निकेशने सायकलच्या चाकाला वाट्या बसवल्या, चाक नाल्याच्या धारेत लावलं, डायनॅमो जोडला आणि टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत, बल्ब लागले. लोक उजेडाकडे बघत होते, रंजीता चाकाकडे. पाण्यातून वर येणाऱ्या वाटीवाटीवर शेजारच्या ज्योत्स्नाचं नाव कोरलेलं होतं. निकेश तिचा नवरा; त्याने वाट्या आधी रंजीताकडेच मागितल्या होत्या. "माह्या आंदणाच्या वाट्याले भोक पाडाचं नाई," तिने ठणकावलं होतं. ज्योत्स्नाने मात्र हसत काढून दिल्या. आता सगळे म्हणत, "ज्योत्स्नाचा लाईट आला." आठवडाभराने रंजीताने आपल्या वाट्या नवऱ्यासमोर ओतल्या. "तिच्या काढा, माह्या लावा." "चांगलं फिरून राह्यलं, काऊन?" "लावा म्हटलं ना." ज्योत्स्नाच्या भोकं पडलेल्या वाट्या तिने स्वतः परत नेऊन दिल्या. संध्याकाळी बल्बखाली दोघं जेवायला बसले. घरात वाटी उरली नव्हती. वरण ताटभर पसरलं. रंजीता बोटं चाटत म्हणाली, "गोड झालं वरण."