मशीन दोनदा का वाजतं?

"डॉक्टर, दुसऱ्यावर जळल्यानं बीपी वाढतं का?"

मैत्रीण पुनमनं पैज लावली होती, म्हणून भाविकानं शाळेच्या आरोग्य शिबिरात विचारलंच. दहावीचा अख्खा वर्ग खिदळला.

डॉक्टरीणबाईही हसल्या. "तेवढ्यापुरतं चढतं, मग उतरतं. रोजच चढलेलं असेल तर कारणं वेगळी. मीठ, वजन, तंबाखू, घराण्यातून आलेलं, कधी किडनीचं दुखणं. आणि गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही."

भाविकाच्या जळण्याचं नाव होतं दीपमाला वहिनी.

वडिलांची, म्हणजे आबांची, बीपीची गोळी आधी भाविकाच द्यायची. तेजसदादाचं लग्न झालं, अहिराणी बोलणारी धुळ्याची वहिनी फैजपुरात आली, आणि गोळी, मशीन, कौतुक सगळं तिच्याकडे गेलं. वहिनीनं आबांचं लोणचं-पापड तोडलं, त्यांना केळीच्या बागेपर्यंत पायी धाडलं. आकडा उतरला. आबा येईल त्याला सांगायचे, "सूनबाईच्या हाताला गुण हाये!"

"माझ्या हाताला काय काटे होते?" भाविका पुनमपाशी धुमसायची.

एक गोष्ट मात्र तिनं हेरली होती. संध्याकाळी आबा बीपी मोजून खोलीबाहेर येत, वहिनी दार लोटून घेई, आणि आत मशीन पुन्हा गुरगुरे.

"कळलं!" पुनम म्हणाली. "डॉक्टरला दाखवायचा आकडा ती स्वतःच्या दंडावरून घेते. तरणा दंड, गोड आकडा!"

भाविकाला हर्ष मावेना. सकाळीच तिनं आई-आबांना बजावलं, "आज संध्याकाळी दोघं ओट्यावर बसा. मला काहीतरी सांगायचंय."

"काय व, निवडणुकीला उभी राहतेस का?" आई म्हणाली.

संध्याकाळी मशीन दुसऱ्यांदा गुरगुरलं. भाविकानं दार ढकललं. पट्टा वहिनीच्याच दंडावर होता.

"सापडलीस!" म्हणत तिनं मशीन ओढलं.

१७२. खाली १०८.

"हे... आबांचं?"

"आबांचं कवाच झालं. चांगलं शे." वहिनीनं पट्टा सोडला. "हे माझं. लग्नाआधीपासूनचं."

"मग गोळी?"

"लग्नात बंद केली. माय बोलली, सासरी पाकीट दिसलं तर परत धाडतील." तिनं पट्टा घाईनं गुंडाळला. "ताई, कोणाले सांगू नका."

"तुझा डॉक्टर कुठं?"

"धुळ्यात."

बाहेरून आबांनी हाक मारली, "अगं ये ना! काय सांगणार होतीस?"

भाविका ओट्यावर आली. मागे दारात वहिनी पदर मुठीत धरून उभी होती.

"आबा, आई, मला रोज भोवळ येतेय," भाविका खणखणीत म्हणाली. "उद्या मी धुळ्याच्या डॉक्टरांकडे जाणार. आणि वहिनी सोबत असेल तरच जाणार!"