घंटीला घंटी
माळशेज घाटात धुकं असं उतरलं की नीलाला सायकलचं पुढचं चाकही धड दिसेना. डोंबिवलीहून निघतानाच नवऱ्याशी ठरलं होतं; धुक्यात पुढच्यानं वळणावर घंटी वाजवायची, मागच्यानं घंटीनंच उत्तर द्यायचं. सहा वळणं घंटीला घंटी मिळाली. सातव्याला समोरून काहीच नाही. तिनं वाजवली, पुन्हा वाजवली. नुसता धबधब्याचा धोधो आवाज. एका अंगाला दरी. सायकल हातात धरून ती कातळाच्या कडेकडेनं निघाली. “अहो!” म्हणून ओरडली, मग पहिल्यांदाच नावानं, “मधू!” पुढे त्याची सायकल कठड्याला टेकलेली, तो नव्हता. तिनं कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. तेवढ्यात मधू हातातलं काहीतरी सांभाळत धुक्यातून जपून पावलं टाकत आला. “अगं, झऱ्याचं पाणी! वॉटरबॅग फुटली, म्हणून पाणी आणायला घंटीचीच वाटी काढली.” तिनं पाणी ओतून टाकलं, वाटी त्याच्या सायकलवर फिरवून घट्ट बसवली, एकदा वाजवून पाहिली आणि मगच रडली.