फुटाला दीड इंच

"मोटारले पितळी दिवा पाहिजेत," बन्सीलाल पाटील म्हणाले. "अन् काच उतरती पाहिजे."

गिरधर सुतारानं जांभई दिली. पितळी दिवे पंधरा सालच्या मोटारींना असत आणि उतरती काच आताची, अडतीसनंतरची, असं त्यानं सांगितलं. विसरवाडीला त्यानं बसगाड्यांच्या लाकडी बॉड्या बांधल्या होत्या. बैलाचे दात पाहून वय सांगावं तसं तो मोटारीचं साल सांगायचा. दोन्ही गोष्टी एकाच गाडीवर दिसल्या तर जाणता माणूस हसेल, म्हणाला.

"मंग जुनी कर. जुनी घरंदाज दिखस."

सव्वीस सालची फोर्ड ठरली. लाकडी आऱ्यांची चाकं, कापडी टप, पुढं फिरवायचं हँडल. लांबी एक हात. माप नेहमीचंच, फुटाला दीड इंच.

मोटार हवी होती भटूसाठी. भटू पाटलांचा एकुलता मुलगा, वय बत्तीस. लग्नाची चार ठिकाणं मोडली होती. तिसऱ्या ठिकाणी मुलगी चहा घेऊन येईपर्यंत त्याला बसल्या जागी झोप लागली होती. हे पाचवं ठिकाण म्हसावदचं. मधे पडली होती पाटलांची थोरली बहीण फुलीबाई, आणि हे मोडलं तर यापुढं आपण कुणाचा उंबरा चढणार नाही, असं तिनं बजावलं होतं. शिवाय घरात मोटार आहे हेही तिकडं सांगून आली होती. का सांगितलं, असं पाटलांनी विचारलं, तर तिनं त्यांच्यापुढं फोटो टाकला.

फोटोत मुलीचे वडील करमसिंग यांचं घर होतं. दुमजली, वर सज्जा, बारा खिडक्या. दारात मुलगी उभी, सरला नावाची. तिचा हात चौकटीवर ठेवलेला दिसत होता, पण टेकलेला नव्हता. लाजेनं असेल, असं पाटील म्हणाले. असल्या घरातली मुलगी मोटारीशिवाय इकडं कशी येणार, हेही त्यांना पटलं. फोटोपुरती मोटार करून घ्यायची ठरली, तेव्हा सुतारही फुलीबाईनंच सुचवला. बारीक कामात त्याचा हात बसला आहे म्हणाली.

गिरधर तेव्हा नुकताच म्हसावदहून परतला होता. नखांत चुना होता, डोळे लाल होते. पाटलांनी फोटो त्याच्यापुढं धरला.

"करमसिंगभाऊनं घर. पाह्यं का कधी?"

"मीच बांधेल शे."

पाटील सावरून बसले. "एकलाच?"

"एकलाच. वीस दिन लागनात."

"मजबूत शे ना?"

गिरधरनं फोटोकडं न बघता डोळे चोळले. "पानी लागू देवानं नही, इतलंच. खिडक्यास्ना गजसनी डोया फोडी टाका मन्हा."

फुलीबाईला खोकला आला. वीस दिवसांत एकट्यानं दुमजली घर उठवणारा माणूस आपल्या ओट्यावर बसलाय, या विचारानं पाटलांनी त्याला आणखी एक चहा सांगितला.

आठ दिवसांत मोटार झाली. सायकलच्या ट्यूबचे टायर, तसबिरीची काच, दिव्यांना कोटाची बटणं. फुलीबाईनं नंदुरबारहून फोटोवाला आणला. तापीच्या वाळूत त्यानं कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवला, चार फुटांवर मोटार ठेवली आणि कुणी काही सांगायच्या आत टाचेनं मागं बारा पावलांवर रेघ ओढली. भटूला तिथं उभं केलं. हात पुढं कर, इंजिनावर ठेवल्यासारखा, आणि हलू नको, म्हणाला. भटू हलला नाही. उभ्या उभ्या त्याला झोप लागली होती, हे सगळ्यांना नंतरच कळलं. फोटोत मात्र तो मोटारीचा मालक शोभत होता. हात तेवढा दोन बोटं वर राहिला होता.

आता राहिली एकच धास्ती. रीतीप्रमाणे मुलीकडचे चार जण घर बघायला येणार. मोटार दाखवा म्हणाले तर? पाटलांना जेवण जाईना. फुलीबाई निरोप घेऊन आली तेव्हा ते ओट्यावर आडवे पडले होते.

निरोप असा होता की फोटो बघून करमसिंगभाऊंचं समाधान झालं. घर बघायला ते येत नाहीत. पाटलांनीही म्हसावदला येण्याचा त्रास घेऊ नये. लढाईच्या दिवसांत पेट्रोल चिठ्ठीवर मिळतं, मोटार कशाला काढायची? लग्न अर्ध्या वाटेवर, प्रकाशा गावाला, देवळात लावू.

पाटील उठून बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कितला समजदार लोक शेतस, जीजी."

"शेतस खरा," फुलीबाई म्हणाली आणि तिथंच भिंतीला टेकून तिनं डोळे मिटले. दोन महिने ती दोन घरांत चालत होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी पाटलांनी गिरधरला बोलावलं. सून यायच्या आत ती मोटार चुलीत घाल, म्हणाले. कुणी विचारलंच तर लष्करानं नेली, असं सांगायचं ठरलं होतं. गिरधरनं मोटार उचलली, हँडल एकदा फिरवून पाहिलं आणि चुलीकडं न जाता तिच्यावर गोणपाट गुंडाळलं.

दुपारी तो बैलगाडीनं म्हसावदला पोचला. करमसिंगांचं मातीचं बुटकं घर ओलांडून तो सरळ मागच्या गोठ्यात गेला. कडब्याच्या पेंढ्या बाजूला केल्या. मागं कमरेएवढं दुमजली घर होतं, सज्ज्यासकट, कोरडं. गिरधरनं मोटार त्याच्या दारात लावली. माप बरोबर आलं.